पेपर छापून झाला, आता गावाला कोण सांगणार?

परीक्षानळी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी विदर्भातल्या एका विद्यापीठात रसायनशास्त्राचा सहायक प्राध्यापक आहे. माझ्या पहिल्या पीएच.डी. विद्यार्थिनीने यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर आणि झरी-जामणी तालुक्यांतल्या विहिरींचं, हापशांचं पाणी आणून त्यातलं फ्लोराइड मोजलं. आपल्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. वर्षानुवर्षं जास्त पोटात गेलं तर दातांवर डाग पडतात, हाडं-सांधे आखडतात. काही हापशांचं पाणी त्याच्याही बरंच वर निघालं. पेपर चांगल्या नियतकालिकात आला. तो इंग्रजीत आहे आणि वाचायला पैसे पडतात.

मध्यंतरी ती एका पोडावर (कोलाम आदिवासींच्या वस्तीवर) पुन्हा गेली होती. तिथल्या एका बाईंनी तिला विचारलं, "मागं बाटल्या भरून नेल्या होत्या, त्याचं काय निघालं?" तिने आकडा सांगितला नाही, कारण मला विचारल्याशिवाय सांगू का, हे तिला कळेना. परत येऊन तिने मला विचारलं. मी विभागात विचारलं.

विभागातलं मत बहुतेक "नको" असं आहे. लोक घाबरतील. सांगायचं काम शासनाचं, आपलं मोजण्याचं. एखादा आकडा पुढेमागे चुकीचा निघाला तर नाव विद्यापीठाचं जाईल. आणि बढतीच्या अर्जात याचं काहीच धरत नाहीत. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, नॅकच्या (विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) अहवालात विस्तारकार्य म्हणून दाखवता येईल, तेवढ्यापुरता एक कार्यक्रम करून टाक.

मला मात्र जाऊन सांगायचंच आहे. त्याबद्दल मनात शंका नाही. पण एकदा सांगितलं की काम सुरू होणार, संपणार नाही, हेही दिसतंय. म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षं हे केलंय त्यांना विचारतो: विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत बसून तुम्हाला बाहेर जाऊन सांगावंसं का वाटलं? आणि नंतर ते का टिकलं? मे २०२५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सर गेले तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे. सही मागणाऱ्या मुलांना ते पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि उत्तराखाली सही करून पाठवत. आयुका ही पुण्याची खगोलशास्त्र संस्था उभी करण्याच्या व्यापातला माणूस शाळकरी मुलांच्या पोस्टकार्डांना वेळ का देत असेल?

---

कपाशी_आणि_कीड

आमच्याकडे हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. कृषी विद्यापीठांची कामंच मुळी तीन: शिक्षण, संशोधन आणि विस्तार. राहुरी, अकोला, परभणी, दापोली, कुठेही जा, विस्तार शिक्षणाचे वेगळे संचालक असतात. मेळाव्यात बोलायचा आम्हाला पगारच मिळतो. पण सकाळी सहाला शेतकऱ्याचा फोन आला तर तो उचलायचं बंधन कुठल्याही नियमात नाही. मी तो का उचलतो, ते सांगतो.

मी कीटकशास्त्राचा. २०१७ साली बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली ती तुम्ही पाहिली असेलच. फुलं उमलायची नाहीत, पाकळ्या गुंडाळलेल्या डोमकळ्या राहायच्या. बोंड बाहेरून हिरवंगार, फोडलं की आत किडलेली सरकी. त्याच हंगामात तुमच्याच यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. काय करायला हवं ते आम्हाला ठाऊक होतं. हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासाने बोंडअळीचे नर पतंग पकडणारे) लावा. सलग तीन दिवस सापळ्यात रोज आठ पतंग सापडले तर फवारणीचा विचार करा, तोवर थांबा. डिसेंबरनंतर फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही तेच पीक शेतात, ठेवू नका. हे सगळं पुस्तिकांत छापलेलं होतं. पुस्तिका कार्यालयांत होत्या, आणि शेतकरी दुकानदाराला विचारून फवारत होता.

त्यानंतर मी भाषणं कमी केली आणि सापळे घेऊन शेतात जायला लागलो. शेतकऱ्याबरोबर उभं राहून सकाळी पतंग मोजायचे. एकदा त्याने स्वतः मोजले की फवारायचं की थांबायचं हे तो दुकानात विचारत नाही. हे बघण्यात जे समाधान आहे ते मला शोधनिबंधात मिळालेलं नाही, स्पष्टच सांगतो.

आणि शेतकरी उलट प्रश्न विचारतो. "मी सापळे लावतो, पण पलीकडे जिनिंगमध्ये सरकीचे ढीग पडून आहेत. तिथून पतंग निघतात त्याचं काय?" प्रयोगक्षेत्रावर बसून हा प्रश्न सुचायला वेळ लागतो. जिनिंगच्या आवारातही सापळे लावायचा सल्ला आम्ही आज देतो.

तुम्हाला एक सांगणं. आमच्याकडे नवी शिफारस जॉइंट ॲग्रेस्कोत, म्हणजे चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन बैठकीत, मंजूर झाल्याशिवाय शेतकऱ्याला सांगता येत नाही. तुमच्याकडे अशी चाळणी नाही. म्हणून मर्यादेच्या वर गेलेले नमुने जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेतून पुन्हा तपासून घ्या. दोन्हीकडे आकडा जुळला की सहकाऱ्यांची निम्मी भीती जाईल.

---

धुक्यातला_पोस्टडॉक

मी इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात आहे. इथे हा प्रश्न पैशांनी सोडवायचा प्रयत्न झाला. त्याचं काय झालं ते जवळून बघतोय, म्हणून लिहितो.

काही वर्षांच्या अंतराने इथे सगळ्या विद्यापीठांच्या संशोधनाचं मूल्यमापन होतं आणि सरकारी निधी त्यावर वाटला जातो. २०१४ च्या फेरीत पहिल्यांदा, तुमच्या संशोधनाने विद्यापीठाच्या भिंतींबाहेर काय फरक पडला, याला २० टक्के वजन दिलं. २०२१ मध्ये ते २५ टक्के केलं. त्यामुळे विभागप्रमुख आता स्वतःहून विचारतात की तुझ्या कामाचा उपयोग कुणाला झाला, कुणाचं पत्र आहे का. शाळेत जायचं म्हटलं तर कामातून वेळ मिळतो. हा फायदा मोठा आहे आणि तो मी कमी लेखणार नाही.

कारण नुसत्या कर्तव्याच्या आवाहनाने काय होतं तेही इथे दिसलं होतं. रॉयल सोसायटी या इथल्या विज्ञान अकादमीच्या बॉडमर समितीने १९८५ मध्येच सांगितलं होतं की लोकांशी बोलणं हे शास्त्रज्ञांनी आपलं कर्तव्य मानावं. वीसेक वर्षांनी, २००६ मध्ये, सोसायटीने शास्त्रज्ञांनाच विचारलं तेव्हा ६४ टक्के म्हणाले की संशोधनाला वेळ द्यावा लागतो म्हणून हे जमत नाही. पाचांतला एक म्हणाला की असं करणाऱ्याला सहकारी कमी लेखतात. ही भीती उगाच नाही. टीव्हीवरून खगोलशास्त्र घरोघरी नेणाऱ्या कार्ल सेगनला १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने सदस्यत्व नाकारलं, आणि त्याची लोकप्रियता आड आली असं अनेकांनी तेव्हाच म्हटलं.

पण तुमच्या सहकाऱ्यांना हेही दाखवा: फ्रान्सच्या सीएनआरएस या सरकारी संशोधन संस्थेतल्या हजारो संशोधकांची नोंद तपासून पाब्लो जेन्सेन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक निबंध लिहिला. जे लोकांमध्ये जाऊन बोलतात ते संशोधनातही सरासरीपेक्षा सरस निघाले. बाहेर जाणारा माणूस संशोधनात कच्चा असतो हा समज त्या आकड्यांपुढे टिकत नाही.

माझं मत विचाराल तर गुण दिल्याने वेळ मिळतो, मोकळीक मिळते. ओढ मात्र गुणांनी येत नाही. ज्यांना ती होती ते आधीही जात होते, संध्याकाळी, स्वतःच्या खर्चाने. आपल्याकडे विज्ञान तंत्रज्ञान विभागाने २०२२ मध्ये शास्त्रज्ञांच्या सामाजिक जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, ती विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवा. मात्र बढतीच्या नियमांत ती उतरण्याची वाट बघत बसू नका.

---

कातळवाट

धागा सकाळपासून वाचतोय. मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात भूशास्त्र शिकवून मी निवृत्त झालो, विद्यापीठात संशोधक विद्यार्थ्यांना मार्गदर्शनही केलं. जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या विद्यार्थिनीला पडलेला प्रश्न मला ३० सप्टेंबर १९९३ नंतर पडला.

किल्लारीचा भूकंप पहाटे चारच्या सुमारास झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन होतं, माणसं थकून झोपली होती. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. मी तेव्हा तरुण अधिव्याख्याता होतो. आम्ही वर्गात शिकवायचो की दख्खनचं पठार हा स्थिर भूभाग आहे, आणि देशाच्या तेव्हाच्या भूकंप नकाशात हा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. वर्षभर आधी, १९९२ मध्ये, तिथे छोटे धक्के बसले होते. लोक विचारत होते, आणि त्यांना नीट उत्तर मिळालं नव्हतं.

भूकंपानंतर लोकांना कळलं की कॉलेजात दगडधोंड्यांचा मास्तर आहे. ते यायला लागले. शेतातल्या भेगेतून वाफ येते, ज्वालामुखी आहे का? अमुक पौर्णिमेला पुन्हा होणार म्हणतात, खरं का? आम्ही घरात कधी झोपायचं? यातल्या एकाही प्रश्नावर शोधनिबंध लिहिता येत नाही. ज्वालामुखी नाही, हे मी खात्रीने सांगू शकत होतो. पुन्हा कधी होईल हे जगातलं कुणीच सांगू शकत नाही, हेही सांगावं लागलं, आणि ते सांगणं सर्वांत अवघड होतं. पण माणसं कशाने गेली ते सांगता येत होतं: मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती, आतल्या आणि बाहेरच्या थरांना सांधणारे लांब दगड नाहीत, आणि वर माळवदाच्या मातीचं ओझं. बांधकाम माझा विषय नव्हता. मी अभियांत्रिकीतल्या एका मित्राला बरोबर घेऊन गेलो आणि आम्ही दोघं तंबूंच्या रांगांमधून बसून बोललो.

तेव्हा मला कुणी प्रेरणा दिली नव्हती. समोरच्या माणसाने विचारलं होतं आणि उत्तराचा जेवढा काही भाग होता तो माझ्याजवळ होता. माझं शिक्षण सरकारी शिष्यवृत्तीवर झालं, पगार लोकांच्या करातून. ज्याच्या घरावर ते संकट आलं तो विचारतोय आणि मी म्हणू, की हे माझ्या कामात बसत नाही? मला ते शक्य नव्हतं. सुरुवात कशी झाली याचं एवढंच उत्तर माझ्यापाशी आहे.

नंतर ते का टिकलं, ते मात्र वेगळं आहे. ते पाण्यामुळे टिकलं.

आमच्याकडे दुष्काळ आला की बोअरच्या गाड्या गावात शिरतात. पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन शेतातून फिरतो, नारळ उभा राहिला की तिथे पाचशे-सातशे फूट भोक. बऱ्याचदा धुरळा निघतो आणि कर्ज अंगावर येतं. मी पाणाड्याशी वाद घालत बसलो नाही. मी विहिरीत उतरायला लागलो. आपला बेसॉल्ट म्हणजे लाव्ह्याच्या थरांवर थर. प्रत्येक थराचा वरचा भाग बुडबुड्यांच्या पोकळ्यांचा, झिजून सच्छिद्र झालेला, खालचा घट्ट. दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टा. ही माझी पुस्तकी भाषा. विहीर खोदणाऱ्यांना हेच केव्हाचं माहीत होतं: वर मुरूम, मग मांजऱ्या (तोच पोकळ्यांचा थर), मग काळा पाषाण (खालचा घट्ट), मध्ये गेरू (लाल पट्टा). कुणाच्या विहिरीत मांजऱ्या किती फुटांवर लागला हे ते वीस-वीस वर्षं मागचं तोंडपाठ सांगायचे. असं का होतं ते मला ठाऊक होतं, आणि कुठे आहे ते त्यांना. दोन्ही एकत्र आल्याशिवाय त्या गावाच्या भूजलाचा नकाशा निघालाच नसता.

एका गावात आम्ही तेच केलं. विद्यार्थ्यांनी प्रत्येक विहिरीच्या काठाची समुद्रसपाटीपासूनची उंची काढली, आत गेरूचा पट्टा किती खोलीवर आहे ते मोजलं आणि सगळ्या विहिरी एका लांब कागदावर शेजारी शेजारी काढल्या. कागद मारुतीच्या पारावर पसरला. पट्टा एका विहिरीतून दुसऱ्या विहिरीत सरळ जुळत जाताना लोकांनी पाहिला. म्हणजे सगळ्यांचं पाणी एकाच मांजऱ्यातलं! मोठ्या बागायतदाराने खोल बोअर घेतला की खालच्या अंगाच्या विहिरी का आटतात, यावर तिथे कुणाला भाषण द्यावं लागलं नाही. त्या दुपारी पारावर जे भांडण झालं ते मी ऐकलेलं भूजलशास्त्रावरचं सर्वांत चांगलं चर्चासत्र होतं. गावाचा पाझर तलाव कोरडा का राहत नव्हता आणि तरी खालच्या विहिरींना पाणी का येत नव्हतं, तेही त्याच कागदावर दिसलं. तलावाच्या तळाशी काळा पाषाण होता, पाणी मुरणार कुठून?

हिवरे बाजारने पावसाच्या मोजमापावर दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत घातली आणि शेतीसाठी बोअरवेल बंद ठेवल्या, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामागे गावाचा निर्धार आहेच. पण गावाला आपलं पाणी जमिनीखाली कुठे आहे हे दिसणं, हाही त्यातला मोठा भाग आहे, आणि ते दाखवण्याचं काम आपल्यासारख्यांचं आहे.

तर मला काय मिळालं? विद्यार्थ्यांचे प्रबंध त्या विहिरींवर झाले. गावाने दर महिन्याला पाण्याची पातळी मोजून वहीत लिहिली, ती नोंद एरवी कुठल्याही निधीतून मिळाली नसती. बढती उशिरा मिळाली, त्याचं वाईट वाटलं, आजही वाटतं. वेळ घरातूनच गेला, त्याचा भार बायकोने उचलला. पण लोकांमध्ये जाऊन माझं भूशास्त्र पक्कं झालं. पारावरचा शेतकरी मान डोलावून सोडत नाही. "मग माझ्या खालच्या विहिरीला का नाही?" असं विचारतो, आणि तिथे आपलं ज्ञान उघडं पडतं. नारळीकर सरांबद्दल तुम्ही विचारलंत. त्यांच्या मनातलं मी सांगू शकत नाही. पण त्यांनी कथालेखनाची सुरुवात मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' असं दुसरंच नाव लावून केली, स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून. बक्षीस आपल्या नावाला मिळू नये, कथेला मिळावं, यासाठी. ज्याला फक्त प्रसिद्धी हवी आहे तो असं करत नाही.

आता तुमच्या फ्लोराइडबद्दल. तुमच्या भागात बेसॉल्टखेरीज जुने खडकही आहेत. खोल बोअरचं पाणी खडकाच्या सान्निध्यात जास्त काळ राहिलेलं असतं, त्यात फ्लोराइड जास्त असण्याची शक्यता. उथळ विहिरीत बहुधा कमी. तुमच्या आकड्यांत हे दिसतंय का ते आधी बघा. दिसत असेल तर गावाला वाईट बातमीबरोबर कुठलं पाणी प्यायचं हेही सांगता येईल.

---

खडू_फळा

मी त्याच भागातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. आमच्या वर्गातली मुलं हसताना तोंडावर हात धरतात. दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आहेत. पालकांना वाटतं मुलं दात घासत नाहीत, मुलांना त्यावरून मार बसतो. लग्न जमवायला आलेली माणसं मुलींचे दात बघून परत जातात. मी सांगून बघितलं की पाण्यामुळे असेल, पण "बाई, तुमच्याकडे पुरावा काय?" यावर माझ्याकडे काही नव्हतं. सर, तुमच्या पेपरात तो पुरावा आहे. आमच्या गावाचं नाव त्या यादीत आहे का, हे मला आज रात्रीच कळलं तर बरं होईल.

---

परीक्षानळी

बाई, तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवला आहे, गावाचं नाव कळवा, लगेच बघतो.

कातळवाट सर, तुमचा प्रतिसाद विद्यार्थिनीला वाचून दाखवला. तिने रात्रीच खोलीप्रमाणे आकडे लावले. बोअरिंगचे बहुतेक वर आणि विहिरींचे बहुतेक खाली, अगदी तुम्ही म्हणता तसे. पेपरात आम्ही हे दोन ओळींत उरकलं होतं. जास्त आलेले नमुने फेरतपासणीला पाठवतो.

ग्रामसभेत ती बोलणार आहे. ती त्याच तालुक्यातली आहे, तिला कोलामांची कोलामी भाषा येते, मला येत नाही. तिला मी विचारलं की हा विषय तू का निवडलास. म्हणाली, आजीचे गुडघे आणि पाठ अशी आखडली होती की तिला मान वर करून बघता येत नव्हतं. दोन वर्षं माझ्यासमोर बसून काम करतेय, मी विचारलं नव्हतं म्हणून तिने सांगितलं नव्हतं.

एक विचारायचं राहिलं. जास्त फ्लोराइडच्या हापशांना लाल रंग लावावा का?

---

कातळवाट

रंग लावा, पण ज्या पोडावर जवळ दुसरं चांगलं पाणी आहे तिथे आधी. जिथे तो एकच हापसा आहे तिथे नुसता लाल रंग लावून निघून आलात तर बायकांनी जायचं कुठे? तिथे आधी ग्रामसेवक आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांशी बोला. उथळ विहीर साफ करून घेता येते का बघा, पावसाचं पाणी साठवता येतं का बघा. तुरटी आणि चुन्याने फ्लोराइड काढायची नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेची नालगोंडा पद्धत आहेच, पण ती चालवायला रोज कुणीतरी लागतं, हे आधीच सांगा.

हापशाचं पाणी धुण्याभांड्याला चालतं, पिण्याला आणि स्वयंपाकाला नको, हे स्पष्ट सांगा. आणि उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटतं तसं उलट वाढतं, हे दोनदा सांगा. लोक सर्वांत आधी तेच करतात.

कागदावर विहिरींना तुमचे नमुना क्रमांक लिहू नका, गावातली नावं लिहा. पुढच्या मोजणीचा महिना त्याच सभेत ठरवा. मे महिन्यात पातळी खाली गेल्यावर आकडे बदलतील, तेव्हा बाटल्या भरायला गावातल्याच दोन मुली शिकवून ठेवा. जमलं तर मीही येतो, विहिरी बघायच्या आहेत.